खोक्यातला अंगाचा रंग

स्थळांना पाठवायचा फोटो काढायला अनुया अलिबागला निघाली होती. "उजळ करून घे ग," असं आईने दारातच बजावलं होतं. रेवदंड्याहून सुटणारी रिक्षा आणखी एक सवारी मिळेपर्यंत हलणार नव्हती. शेजारी एक कोळीण आजी आणि तिची नात बसल्या होत्या. नातीच्या मांडीवर शाळेसाठी काढलेलं, कॉमिकमधल्या हिरोचं चित्र होतं.

"आजी, याचं तोंड कोणी रंगवलं?"

"मीच. तू निजलेलीस. कोरं तोंड बरं दिसंना."

"पण हा गुलाबी खडू का लावलास?"

"तूच बोललीस ना, खोक्यातला हा अंगाचा रंग म्हणून."

"अगं, हा माणूस काळा आहे."

"काळा? मंग राक्षस हाय व्हय तो?"

"शास्त्रज्ञ आहे! स्वतः बनवलेला सूट घालून उडतो, बुडणाऱ्या बोटी वाचवतो."

"बोटी वाचवतो? मंग उन्हानं रापला असंल."

"नाही ग. जन्मापासूनच तसा. तुझ्यासारखा."

"माझ्यासारखा?"

"हो. आता वरून तपकिरी लावते. हात पुढे कर, रंग जुळवून बघू दे."

"हा घे. पन बरा दिसंल ना तो?"

"हिरो आहे आजी तो!"

"मंग नीट लाव. कानामागं पन लाव, तिथं गुलाबी ऱ्हायलाय."

सवारी मिळाली, रिक्षा सुटली.

अलिबागच्या स्टुडिओत फोटोग्राफरने सवयीने विचारलं, "उजळ करायचा ना, ताई? सगळ्या तसाच घेतात."

"नको," अनुया म्हणाली. "माझाच रंग राहू द्या."