उंबऱ्यावरचा फोकस

न्हाई, कॅमेऱ्याचे सेल नवेच हायेत — सेलाचं तू काढूच नको, नितीन, गोरक्षानं माझ्या म्होरं बदललेत. बटन दाबलं की नळी भाईर येती, गुरगुरती, उजेड पडतो, समदं जिथल्या तिथं करतो त्यो. फकस्त मानसं पुसट काढतो. तूच धुतलेत ना हे फोटू, मंग बग की. ही शुभांगी, माझी सून. ह्यो गोरक्ष, माझा ल्योक. वळखू येतेत का? डोळे उघडे हायेत का मिटलेत तेबी कळंना. आन मागचा उंबरा बग — उंबऱ्याची फळी तडकलीय, ती रेघ सुदिक दिसती. मस्कतहून आनलाय, जपानचा हाय, आपूआप फोकस करतो म्हनं. करतो ना, उंबऱ्यावर करतो. आमचा उंबरा लई आवडला जपानला.

न्हाई, बसत न्हाई मी, घाई हाय. उंद्या पहाटं निघायचंय गोरक्षाला, सांजच्याला मुंबईहून मस्कतचं इमान. एकदा गेला की दोन वरसं तोंड दिसत न्हाई पोराचं. आन त्येचा एकच हट — जोडीचा एक फोटू पायजे, तिकडं खाटंच्या उशाला लावाया. आख्खा रोल संपला त्येच्यापायी, आन जोडीचा एक फोटू धड न्हाई. कालपास्नं तोंड पाडून बसलाय. ते बग, समोर रसाच्या दुकानात बसलेत दोघं. यीत हुते माझ्यासंगं, मीच म्हनलं बसा तुमी, मी इचारते. बन्सी फोटूवाल्याचं पोरगं म्हंजी घरचंच, मला नीट सांगंल. मधल्या खुर्चीवर माझी पिशवी ठिवून आलेय, जागा जायाला नको.

आता त्या बारक्या काचंत काय बगतो एवढं? लाल? कुंकू असंल ते. खंडेनवमीला इळा, कुऱ्हाड, मोटारीचा स्टार्टर समदं मांडलं, त्यात ह्योबी मांडला, मंग ह्येला एकट्यालाच कसं वगळायचं? मोठ्या काचंला न्हाई लावलं हां, तेवढी अक्कल हाय मला. वरली बारकी काच रिकामीच दिसली, तिला लावलं. — तीच मोजायची काच? तिच्यातनं अंतर मोजतो? आता मोजायचं मानसानं मोठ्या डोळ्यानं का बारक्या, मला काय ठावं. पूस मंग. पुसलं? झालं की. येवढ्यापायी पोरगं कालपास्नं जेवंना.

— न्हाई? कुंकवाचा न्हाई दोष? का न्हाई? व्हय... व्हय, तेबी खरंय. कुंकवानं आंधळा झाला असता तर उंबराबी दिसला नसता. समदंच पुसट आलं असतं. मंग कानिफनाथाचा हात हालत असंल. कानिफनाथ म्हंजी आमच्या शेजारचा, टेम्पो हाय त्येचा, फोटू समदे त्येनंच काढलेत. दिसभर ष्टेरिंग धरून हात थरथरत असतील. — तसंबी न्हाई? हात हालला तर उंबराबी हालंल. बरूबर. तू बापावानीच हायेस, एक एक काडून टाकतो, आन उरतं त्ये मानसाच्या पदरात घालतो.

हा मुळा धरनावरला. हितंबी तेच. दोघं दोन कडंला भुतावानी, आन मधी मागं — ती मीच. डबा सोडती हाय. मला काय हौस न्हाई धरन बघायची, पन सुनंला एकटीला कसं पाठवायचं? गोरक्ष हुता की संगं, पन म्हंजी — दोघं एकटेच कसे पाठवायचे, लोक काय म्हनतील. बग, डब्याचं झाकन कसं चमकतंय. हा घोडेगावच्या बाजारातला, कालवड घेतली तवाचा. कालवड छान आलीय. कासरा कोनाच्या हातात हाय? माझ्याच. माझ्या नथीतला खडा सुदिक दिसतोय. हा गोठ्याम्होरला, ही मागं मी, श्यान भरती हाय. हा दारातला, ही मी, उंबऱ्यावर तांदूळ निवडती हाय. — मुद्दाम न्हाई बसले बाबा मी. माझं घर हाय, मी कुटंबी बसंन. पन आता एवढे फोटू मांडलेस तू वळीनं, तर वाटतंय खरं, की कॅमेरा माझाच फोटू काडाया मस्कतहून आला.

हां. सांग. हळू सांग, मला समजंल असं. म्हंजी ह्यो मधोमध बगतो. फकस्त मधोमध. कडंचं त्येला दिसत न्हाई. मधी जे घावंल त्येच्यावर नजर लावतो. आन दोघांच्या मधी फट ऱ्हायली तर? तर त्या फटीतनं थेट मागं जातो, मागं जे कोन बसलं असंल त्येच्यावर. — मंग बिघाड कुटंय? न्हाईच बिघाड? मंग फोटू कसे बिघडले?

जवळ. जवळ हुबं ऱ्हायचं. किती जवळ? — खांद्याला खांदा? नितीन, तू शिकलेला मानूस, फोटूपायी कायबी सांगशील. सासू मागं बसलीय, रस्त्यानं भावकी येती-जाती, आन सुनंनं नवऱ्याला खेटून हुबं ऱ्हायचं? मीच सांगितलं त्येंना, अंतर ठिवून हुबं ऱ्हावा, चांगलं दिसतं. हातभर. एक डाव शुभांगी जराशी सरकली हुती, मी नुसती खाकरले, आपसूक मागं गेली. गुनाची हाय पोर. मी काय तिला जाचत न्हाई, इचार कोनालाबी. घोडेगावच्या बाजारात मीच तिला बांगड्या घेतल्या. नुसतं नीट हुबी ऱ्हा म्हनलं. हे आता जपानच्या मशिनीला आवडत न्हाई, तर त्येला मी काय करू.

दुसरी तऱ्हा हाय का? — बटन अर्दं दाबायचं, एकाच्या तोंडावर धरून, आन तसंच दाबून ठिवून मंग मधी आनायचं. कोनाच्या तोंडावर धरायचं आदी? कोनाच्याबी चालंल? गोरक्षाच्या धरलं तर शुभांगीबी येती? म्हंजी दोघं एका रेघंत असले की एकाला बगितलं का दुसरं आपूआप आलं. असं हाय व्हय. पन रोल संपला, आन कानिफनाथाच्यानं अर्दं दाबनं हुयाचं न्हाई, त्यो टेम्पोचा ब्रेकबी पुरा दाबतो.

ह्यो कोंचा? ह्यो काल पाकिटात का न्हाई घातला? उगंच मागं ठिवला का — थांब. चष्मा घालू दे. ह्यो आमच्याच गोठ्याम्होरं हाय. ह्यो कवा काढला? ह्यात मी कुटंय? ... मी — मी च्या कराया आत गेल्ते. कानिफनाथाला च्या पायजे म्हनून गेल्ते, तेवढ्यात काढला भाड्यानं. बग, पदर डोक्यावरनं पार खांद्यावर आलाय तिच्या. आन गोरक्षाचा हात कुटं गेलाय ह्यो? तिच्या मागं गेलाय. आन कसं लख्ख आलंय. तिच्या कपाळावरची टिकली सरकलेली दिसती. ह्येच्या शर्टाची गुंडी तुटलीय तेबी दिसतंय, मला बोलला न्हाई, शिवून दिली असती.

हसतोय कसा बग. ह्यो वरला दात वाकडा हाय ना, त्यो त्येच्या बापाचा. हसला तरच दिसतो. ह्या सुट्टीत मी त्यो दात बगितलाच न्हाई, नितीन. मला वाटलं तिकडं मस्कतला काढून घेतला का काय.

त्येच्या बापाचा फोटू ठावं हाय तुला? तुझ्या बापानंच काढलेला, हितंच, त्या पडद्याम्होरं — तवा पडद्यावर तळं हुतं, बदकं हुती. लगीन झालं त्याच सालचा. मधी खुर्चीवर आमच्या सासूबाई, आक्काबाई. मी ह्या अंगाला, हे त्या अंगाला. बन्सी म्हनला, जरा जवळ या. आक्काबाई म्हनल्या, कशाला, हाय ते बरंय. तोंड मिटून हुबे हुते हे, आई म्होरं बसलेली. दात कुटनं दिसतोय. तेवढा एकच फोटू त्येंचा. मंग ते गेल्यावर भिंतीवर लावाया एकट्याचा पायजे, म्हनून त्यातनंच कापून मोठा केला बन्सीनं. तर खांदा घावंना. अर्दा खांदा आक्काबाईंच्या डोक्यामागं गेलेला. मंग त्येनं बसून बुरुशानं रंगवला. छान रंगवलाय, कोनाला वळखू यीत न्हाई. मला येतो. रोज उदबत्ती ववाळते तवा त्या खांद्यापाशी हात थांबतो माझा — त्यो त्येंचा न्हाई, त्यो बन्सीचा हाय.

काय न्हाई, काय न्हाई. चष्म्याला धूळ बसलीय. तुज्या दुकानात झाडलोट करत जा जरा.

मी काय म्हनते, ह्यो दारातला मोठा केला तर? तांदूळ निवडतीय त्यो. आईचा फोटू उशाला असला तर काय वाईट — न्हाई, तसं न्हाई, तू काय बोलला न्हाईस, मीच बोलले. ठिव तो. ठिव म्हनलं ना. तांदूळ निवडताना बगून काय करनार त्यो तिकडं.

ह्यो कर. गोठ्याचा, हसलेला. आजच पायजे, सांजच्या आत दे. पदर नीट करता येतो का बुरुशानं? — न्हाई, नको. ऱ्हाऊ दे. तुमी बाप-ल्योक बुरुशानं एकदा काढलंत की मंग तेच खरं हुऊन बसतं. हाय तसा कर.

आन एक ऐक. ते आत आले की त्येंना एवढंच सांगायचं, कॅमेरा बिघडला हुता. काचंला कुंकू लागलं हुतं, तू पुसलं, आता नीट झाला. फटीचं, मधोमधचं कायबी बोलायचं न्हाई. माझ्या गळ्याची आन हाय तुला. आन कानिफनाथ आला तुज्याकडं तर त्येला म्हन, पहाटं टेम्पोत म्हातारी येनार न्हाई. केबिनीत गोरक्षाच्या आन तिच्या मधी मी बसायचं ठरलं हुतं. मुंबईपस्तोर. त्येला म्हन, गुडघा धरलाय तिचा. धरलायच की, खोटं थोडंच हाय.

बग तिकडं. दोघं बसलेत, रस पिऊन झाला, आन दोघंबी माज्या पिशवीकडं बगत बसलेत. उचलून खाली ठिवायचं सुदिक सुचंना. मीच शिकिवलंय ना. — न्हाई, तू नको हाक मारू. तू फोटूचं बग. मी जाते, पिशवी उचलते.