धाकट्याला मानवलेली गोळी

(ड्रायव्हिंग स्कूलची गाडी. स्टिअरिंगवर शिकाऊ बाई, शेजारी शिकवणारे दादा, मागच्या सीटवर त्यांचा धाकटा भाऊ.)

दादा : ...अर्ध्यावर आल्यात म्हणाल्या डॉक्टर मॅडम. दोन्ही. क्लच, बाई, क्लच!

धाकटा : दोन्ही काय?

दादा : टायर. अरे, किडन्या! हळू घ्या. समोरून म्हातारा चाललाय, जगू द्या त्याला.

शिकाऊ बाई : सर, हा माझाच तास आहे ना?

दादा : तुमचाच. दवाखाना ते घर. वाटेत चढ आहे, सिग्नल आहे, वळणं आहेत. मागे नातेवाईकही बसवलाय.

धाकटा : पण तुला त्रास तर काहीच नव्हता.

दादा : तेच म्हटलं मी. दुखत नाही, खुपत नाही. त्या म्हणाल्या, किडनी बोंब मारत नाही, म्हणून तर शुगरवाल्याने दर वर्षी लघवी तपासायची. दोन वर्षांपूर्वी लघवीतून प्रोटीनची जरा गळती दिसली होती. पुन्हा या म्हणाल्या होत्या. मी कशाला जातोय!

धाकटा : लघवीला फेस येतो म्हणत होतास की.

दादा : मला वाटलं, तुझी वहिनी साबणाची पावडर जास्त टाकते. आठवडाभर भांडलो तिच्याशी. ब्रेक!

शिकाऊ बाई : दाबला, सर.

दादा : तुम्ही नाही, मी दाबला. माझ्या बाजूच्या या ब्रेकपायी गुडघा गेला आणि गुडघ्यापायी रोज दुखण्यावरची गोळी. तीही बंद. म्हणे, पडत्या किडनीला लाथ मारते. मीठ कमी, साखर ताब्यात. एकूण काय, मरायचं नसेल तर जगायचंही नाही.

धाकटा : पण बरं होईल ना?

दादा : गेलेलं परत येत नाही. उरलेलं टिकवायचं. मग विचारलं त्यांनी, मी दिलेली ती पांढरी गोळी चालू आहे ना? मी म्हटलं, ती बीपीची. मला कुठे बीपी आहे? तशा बघत राहिल्या माझ्याकडे. मी यांच्याकडे बघतो ना, गिअर टाकताना, तशा.

शिकाऊ बाई : आता नीट पडतो माझा गिअर.

दादा : पडतो, पण कुठला पडेल ते त्यालाही ठाऊक नसतं. तर गोळी बीपीसाठी नव्हतीच. बीपी नसलं तरी ती गळती आवरायला दिली होती. तेव्हा सांगितलंही असेल. मी गाडी कुठे लावलीय, त्या विचारात होतो.

धाकटा : हं.

दादा : हं काय? दोन वर्षं कोणी खाल्ली ती?

धाकटा : तूच दिलीस.

दादा : मीच दिली. तुला बीपी, तुला दवाखान्यात बसायचा कंटाळा, माझ्याकडे गोळ्या धूळ खात पडलेल्या. म्हटलं, घरातल्या घरात राहतील. कशी होती?

धाकटा : कशी म्हणजे... मानवली.

दादा : दिसतंय. गाल वर आलेत. एक सांग छोट्या, दर महिन्याला माझी चिठ्ठी घेऊन तूच जायचास. केमिस्ट कधी काही बोलला नाही?

धाकटा : सिग्नल हिरवा झाला.

दादा : होऊ दे. छोट्या...

धाकटा : एकदा बोलला. मागच्या वर्षी. म्हणाला, भावाची किडनी सांभाळणारी गोळी आहे, चुकवू नका म्हणावं.

दादा : मग?

धाकटा : मी सांगणारच होतो.

दादा : कधी?

धाकटा : तू जरा चांगल्या मूडमध्ये असताना.

दादा : वर्षभर वाट बघितलीस?

धाकटा : तू कधी असतोस रे चांगल्या मूडमध्ये? आणि म्हटलं, केमिस्टला काय कळतं. शिवाय... माझं बीपी इतकं छान बसलं होतं, दादा.

दादा : बाई, गाडी कडेला घ्या.

शिकाऊ बाई : कडेला घ्यायचं अजून शिकवलं नाहीत.

दादा : आज शिका. इंडिकेटर द्या. वायपर नाही, इंडिकेटर. हं. थांबा. छोट्या, उतर.

धाकटा : इथे? या उन्हात?

दादा : चालणं बीपीला चांगलं.

धाकटा : उतरतो. पण... या महिन्याचं पाकीट सकाळीच आणलंय मी. खिशात आहे.

दादा : दे इकडे.

धाकटा : एखादी पट्टी ठेवू? माझी सोय होईपर्यंत?

दादा : दार लाव. जोरात लाव, अर्धवट राहतं ते.

शिकाऊ बाई : निघू, सर?

दादा : निघा.

शिकाऊ बाई : रागावू नका, पण नाहीच टिकल्या किडन्या, तर?

दादा : तर मशीनला बांधून घ्यायचं. नाहीतर एका किडनीसाठी कोणापुढे तरी हात पसरायचा.

शिकाऊ बाई : घरातलं आहे कोणी?

दादा : सख्खा एकच आहे.

शिकाऊ बाई : म्हणजे... आत्ता उतरवले ते?

दादा : हो. छान ठेवली असेल त्याने. दोन वर्षं माझ्या गोळ्यांवर पोसलीय.

शिकाऊ बाई : मागे घेऊ का गाडी?

दादा : रिव्हर्स येतो तुम्हाला?

शिकाऊ बाई : नाही.

दादा : मग जरा पुढे नेऊन उभी करा. येईल तो चालत.