हलकी काडतुसं

माझा गाव कुडाळच्या पलीकडे, अगदी रानाला लागून, आणि आमच्या घरात ठासणीची बंदूक होती, शेतराखणीची, परवाना बापाच्या नावावर. हे आधी सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल, हा परब कोकणातून उठून थेट दुबईत काडतुसं विकायला कसा गेला. तर माझ्या बाराव्या वर्षी बापाने ती बंदूक माझ्या खांद्याला लावून दिली, दारू जरा जास्तच ठासली होती त्याने, आणि मी मागे पडलो तो थेट बांधावर. खांदा आठ दिवस सुजला. त्याचं काय एवढं, सूज उतरली, पण तेव्हापासून चाप ओढायच्या आधीच माझे डोळे मिटायला लागले. बाप म्हणायचा, मेल्या, डोळे मिटून कोण बंदूक मारता रे. आता डोळे काय सांगून मिटतात होय.

त्याच साली नाचणीत भेकर आलं. भेकर म्हणजे आमच्याकडचं लहान हरीण, कुत्र्यासारखं भुंकतं. मी मारलं, डोळे मिटून मारलं, ते लागलं त्याच्या पोटात. सकाळपासून दुपारपर्यंत रानात ओरडत होतं, बाप शोधत हिंडला पण सापडलं नाही, आणि मग आपोआप गप्प झालं. हे असं मारणं आता गुन्हा आहे, तेव्हाही असेल, पण मी बंदूक सोडली ती गुन्ह्याला भिऊन नाही, त्या ओरडण्याने सोडली.

चालवायची सोडली, बरं का, हातातली नाही सुटली. मुंबईत एका बंदूक दुरुस्तीवाल्याकडे लागलो, काम शिकलो, आणि नव्वद सालानंतर एका ओळखीने दुबईत देराला गेलो, शिकारीच्या आणि कॅम्पिंगच्या सामानाच्या दुकानात. पुढे तंबू, खुर्च्या, कॉफीचे थर्मास, मागे कुलपाच्या खोलीत बंदुका आणि काडतुसं, आणि किल्ली माझ्याकडे. मालक तिकडचाच, अरबाब म्हणायचो आम्ही त्याला, तिकडे मालकाला अरबाबच म्हणतात. माणूस चांगला, आवाज मोठा. माझ्याशी हिंदी बोलायचा, त्याची हिंदी माझ्यापेक्षा बरी होती. आमच्या रूममध्ये आठ जण, चौघे केरळचे, शुक्रवारी मासे मी करायचो, पण ते राहू दे, मी शमाचं सांगत होतो.

शमा म्हणजे अरबाबची धाकटी, तेव्हा तेरा वर्षांची. मोठा राशिद सोळाचा, अंगाने आडवा. तिकडे हरीण मारायला बंदी, म्हणून ही माणसं सुट्टीत आफ्रिकेत जायची, तिथे शिकारीसाठी राखलेली रानं असतात, पैसे भरून मारायचं. त्या वर्षी अरबाबने ठरवलं, दोघा मुलांना न्यायचं. आणि नेमकी तीच वेळ, इराकची दुसरी लढाई झालेली, परवाने अडकलेले, माल यायचा बंद. रॅक अर्धे रिकामे. जड काडतुसं होती भरपूर, हलकी म्हणाल तर विसाचं एक पाकीट आणि वर तेरा, सगळी मिळून तेहतीस. काय आहे, एकाच बंदुकीत दोन्ही बसतात, पण हलक्याची गोळी वजनाला कमी, दारू कमी, खांद्याला धक्का कमी. लहान हरणाला तेवढं पुरतं, आणि लहान माणसाला तेवढंच झेपतं.

अरबाब म्हणाला, परब, हलकी सगळी शिकारीला ठेव, प्रॅक्टिसला जड दे. ऐकायला किती शहाणपणाचं वाटतं बघा. चांगलं ते कामाच्या दिवसाला ठेवावं, आपल्या घरी नाही का नवी चादर पाहुण्यांसाठी ठेवतात. पण बंदुकीत ते उलटं असतं, भीती बसते ती प्रॅक्टिसमध्येच बसते, मग शिकारीला हलकं दिलं काय आणि जड दिलं काय. मला हे ठाऊक होतं. माझ्याएवढं कुणाला ठाऊक असणार. पण माझा विसा रिन्यू व्हायला गेलेला, मी म्हटलं, जी अरबाब, आणि जड पाकीट काढून दिलं. मीच माझ्या हाताने काढून दिलं.

शहराबाहेर वाळवंटात रेंज होती, तिथे गेलो. राशिदने खांदा चोळला आणि हसला. शमाने पाच मारल्या, रडली नाही, पण सहावीच्या वेळी मी बाजूने तिचं तोंड बघत होतो, आणि चाप ओढायच्या आधी तिचे डोळे मिटले. गोळी वाळूत गेली. मी विचारलं, बेटा, काय झालं, तर म्हणाली, आय डोंट नो, अंकल, दे जस्ट क्लोज.

परत येताना गाडीत अरबाब म्हणाला, होईल सवय, इन्शाल्ला. मी म्हटलं, नाही होणार, अरबाब. एवढ्या वर्षांत मी त्याला पहिल्यांदा नाही म्हटलं असेन. मग गाडीतच त्याला सगळं सांगितलं, बाप, बांध, भेकर, त्याचं ओरडणं, आणि हेही सांगितलं की मी सकाळी बोलायला हवं होतं, बोललो नाही, चूक माझी. तो म्हणाला, खलास, हलकी सगळी तिला दे. राशिदला नकोच होती, तो म्हणाला होता, हलकी पोरींची.

पाच गोळ्या तर बंदुकीचा नेम पुन्हा जुळवण्यात गेल्या, कारण हलकी गोळी जडच्या जागी लागत नाही. उरलेल्यात शिकवायचं कसं? तर मी रिकामी काडतुसं घेतली, आत दारू नाही काही नाही, ओळखायला लाल रंग लावलेली, आणि तिला पाठ फिरवायला सांगून बंदूक मी भरायचो, कधी खरं, कधी लाल. तिला कळायचं नाही. चाप ओढला की नुसतं टक, आणि नळी मात्र खाली गेलेली, डोळे मिटलेले. पहिल्यांदा चिडली, धिस इज चीटिंग, अंकल. मग स्वतःच हसली. दहा शुक्रवार आम्ही हेच केलं, टक, टक, मध्येच एक खरं. धक्का येणार की नाही हेच ठाऊक नसलं की माणूस हळूहळू त्याची वाट बघायची सोडतो. शेवटी दहा खरी उरली, ती डबीत घालून तिच्या हातात दिली आणि सांगितलं, डोळा मिटतोय वाटलं तर बोट काढायचं. लाज वाटू द्यायची नाही.

पंधरा दिवसांनी आफ्रिकेहून परतली ती दुकानात आली, बापाच्या मागून, आणि डबी काउंटरवर ठेवली. मी उघडली. दहाच्या दहा. म्हणाली, हरीण उभं होतं, अंकल, अगदी समोर, आय फेल्ट इट कमिंग, सो आय टुक माय फिंगर ऑफ. बस, एवढंच. अरबाब माझ्याकडे बघून म्हणाला, एवढा खर्च केला, परब, काय शिकवलंस तू हिला? मी म्हटलं, अरबाब, हेच शिकवलं. त्याने कॉफी मागवली, मलाही दिली.

पुढच्या वर्षी माल आला, ती परत गेली, एका गोळीत मारलं, जागेवर. फोटो दाखवला मला, पण काय सांगू तुम्हाला, मला त्या फोटोपेक्षा ती डबी जास्त आठवते.

आता मी गावीच असतो. शमाचा ईदला फोन येतो, तिचा मुलगा दहा वर्षांचा झाला, विचारत होती, अंकल, ह्याला कुठली गोळी देऊ. मी म्हटलं, आत्ता कुठलीच नको, आधी लाल दे. ती हसली, म्हणाली, लालच देईन. बापाची बंदूक मी केव्हाच पोलीस ठाण्यात जमा केली. आणि गणपतीत पोरं फटाके लावतात ना, तर वातीला उदबत्ती लागायच्या आत माझे डोळे मिटतात, अजून, ह्या वयात, बायको हसते. माझं राहिलंच ते. पोरीचं सुटलं, देव तिचं बरं करो.