जिन्यातली काच

आमच्या कोपरीच्या बिल्डिंगचं ऐक. जिन्यातल्या भिंतीला तडा गेलेला. इंजिनीअरने त्यावर काचेची पट्टी चिकटवली आणि बजावलं, "भिंत सरकली तर ही फुटेल."

सेक्रेटरी परबकाका मात्र एकच धरून बसलेले. "बिल्डिंग भक्कम आहे! इतकी वर्षं राहतोय, मला कळत नाय?"

रविवारी दुपारी त्यांच्याच घरी यावरून मीटिंग पेटलेली. तेवढ्यात शिंदेवहिनी धापा टाकत आल्या. "काका, काच फुटलीय."

मग सगळे पोराबाळांना घेऊन धडाधड रस्त्यावर.

खाली काका परत सुरू, "बिल्डिंग भक्कमच आहे. काचच हलकी असणार!"

वहिनींनी त्यांच्या पायांकडे बघितलं. "मग वर जाऊन चपला घालून या."

काका तापलेल्या डांबरावर अनवाणीच उभे राहिले.