सुनीलला वर कोण भेटलं

आमचा सुनील मरून परत आलाय, तुला सांगितलं का मी? खरंच. रबाळ्याला कंपनीत सकाळी मशीन चालू करता करता कोसळला. हॉस्पिटलात त्याचं हार्ट बंद पडलं होतं, डॉक्टरांनी शॉक देऊन चालू केलं.

डिस्चार्ज मिळाल्यावर मी आणि पावणे गावचा दिलीप शहाळी घेऊन त्याच्या घरी गेलो. दिलीप बसल्या बसल्या विचारतो, "यम बघलास का रं? अजून रेड्यावरच हाय, का गाडी घेतली?"

मी म्हटलं, "यम-बिम काय नसतो. बोगदा दिसतो, टोकाला उजेड. मेंदूला ऑक्सिजन कमी पडला की होतं तसं."

सुनील म्हणाला, "बोगदा नाय, रेडा नाय. काहीच नव्हतं. लाइट गेल्यासारखं."

त्याची आई खाली बसून मेथी निवडत होती. मूळची साताऱ्याकडची. ती म्हणाली, "आन् तुजं आण्णा?"

आण्णा म्हणजे सुनीलचे वडील. वाशीच्या मार्केटात जन्मभर गोण्या वाहिल्या. जाऊन बरीच वर्षं झाली. सुनील माझ्याकडे बघायला लागला. मी शहाळ्याकडे.

"नाय गं आई," तो शेवटी म्हणाला. "कोणीच नाय भेटलं."

म्हातारीचा हात काही थांबला नाही.

"सकाळचंच गेलतास न्हवं?"

"हो."

"मग कसं भेटतील? त्या टायमाला ते मार्केटात असत्यात. दुपारच्याला गेला असतास, तर गाठ पडली असती."