मागच्या रांगेतली चिठ्ठी

हॅलो?… हो, बोल. नाही गं, झोपले नव्हते. कपड्यांच्या घड्या घालत बसले होते.

…कसलं व्हिडिओ रेकॉर्डिंग?… माझं? त्या बुधवारचं, कॉलेजमधलं?… प्राध्यापकबाईंनी पाठवलं. बरं.

…रविवारी? रविवारी कशाला?… नाही, ऐकलं मी. बाबांच्या शोकसभेला छापखान्यातले जुने लोक येणार, आपण दोघी चार शब्द बोलणार, एवढंच ठरलं होतं. त्यात माझं भाषण कुठून आलं?

…हो, माहितीये. त्यांचं शेवटचं बाहेर जाणं होतं ते. राखाडी शर्टाला स्वतः इस्त्री केली, दोन बस बदलून गेले. तीनदा सांगितलंस तू.

…रागावले नाहीये. अगं ऐक ना. ते लावू नकोस.

…विनय कसला डोंबलाचा. तू पूर्ण ऐकलंयस का?… पहिली दहा मिनिटं. वाटलंच.

सांगते. मध्ये बोलू नकोस, नाहीतर माझ्याच्याने व्हायचं नाही.

विषय होता अभिव्यक्तिस्वातंत्र्य आणि सहानुभूती. राजकारणावर सदर लिहिणाऱ्या बाईला दुसरं काय देणार? मी म्हटलं, बोलायचा हक्क सगळे मागतात, ऐकायची तयारी कोणाची नसते. मुलं शांत बसली होती. मग मी एक उदाहरण दिलं.

…हो, घरचंच. म्हटलं, ऐकून न घेणारा माणूस कसा असतो हे मी पुस्तकात नाही शिकले, जेवणाच्या टेबलावर शिकले. आमच्याकडे नियम होता, आधी वडिलांचं बोलून होऊ द्यायचं, मग आपण बोलायचं. चाळीस वर्षं झाली, त्यांचं अजून व्हायचंय.

…हसलीस ना? हॉलही हसला.

…तेव्हा नव्हतं माहीत. मला काय स्वप्न पडलं होतं ते येतील म्हणून? तीन महिने बोलत नव्हतो आम्ही… हो, त्या निवडणुकीच्या लेखावरूनच. 'माझ्या वह्या तपासायला मी आता शाळेत नाही,' असं म्हणून फोन मीच आपटला होता.

हसू ओसरलं आणि बाबा दिसले. शेवटची रांग, दाराजवळची खुर्ची. तेही हसत होते.

…मलाही तेच कळेना, का हसतायत.

…थांब, संपलं नाही. तिथे प्रश्न चिठ्ठीवर लिहून देतात. गोळा करून टेबलावर ठेवतात, वक्ता हवी ती उचलतो. चौथी की पाचवी उघडली आणि अक्षर ओळखलं. सगळा जन्म प्रुफं तपासण्यात गेलेल्या माणसाचं अक्षर, ते काय लपतंय? पहिला शब्द दिसला, 'वक्त्यांनी'. पुढे वाचलंच नाही. वाटलं, झालं, इथेही चुका काढायला आले. परत घडी घातली, पाण्याच्या ग्लासखाली सरकवली आणि पुढची उचलली.

…हो. त्यांच्याकडे बघत.

…पाहिलं ना त्यांनी. मान खाली घातली. 'ज्याचं पटत नाही त्याला आधी बोलू द्या,' असं मी पंधरा मिनिटांपूर्वी म्हणाले होते. टाळ्या पडल्या होत्या त्याला.

बाहेर आले तोवर निघून गेलेले. म्हटलं, उद्या करू फोन. आणि सकाळी साडेसातला तुझाच आला, बाबा उठत नाहीत म्हणून.

…चिठ्ठी? आहे. पर्समध्येच आहे… नाही उघडली. आठवडा होत आला. काय धीर होणार, तूच सांग.

…आत्ता? फोनवर?… काय वेडी आहेस का… बरं. बरं, रडू नकोस, उघडते. चष्मा कुठे गेला…

…

…आहे. आहे गं मी लाइनवर.

वाचते. 'वक्त्यांनी माईक थोडा जवळ घ्यावा. मागे ऐकू येत नाही.'

…एवढंच. सही नाही, काही नाही.

…नाही, त्यांच्या कानांचा दोष नव्हता. 'मला' नाही लिहिलंय, 'मागे' लिहिलंय. मागच्या सगळ्या मुलांच्या वतीने. पूर्णविरामसुद्धा जागच्या जागी.

…ए, घरी आल्यावर तुला काय म्हणाले होते? नीट आठव… 'छान बोलली.' आणि?… कशावर बोलली, ते विचारलं होतंस?… मग?

…'पोरं खूप हसत होती.'

म्हणजे अक्षरही ऐकू आलं नव्हतं. सगळे हसले म्हणून तेही.

…नाही, यात बरं वाटण्यासारखं काय आहे? त्यांना ऐकू आलं नाही हे माझं नशीब. बोलले तर मीच होते ना?

…तुला आठवतं, शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेची तयारी? मी स्वयंपाकघरात स्टुलावर, आणि ते खाली जिन्यात जाऊन उभे. म्हणायचे, भाषण नंतर. आधी शेवटच्या रांगेला विचारायचं… हो, आणि शेजारच्या काकू दार उघडून 'येतंय, येतंय' म्हणायच्या. तेव्हापासून कधी चुकवलं नव्हतं मी. नेमकं त्या दिवशी. मोठी पाहुणी ना, सत्काराच्या शालीतच अडकले.

…लाव. रविवारी लाव ते. काही कापू नकोस. माझं उदाहरण, ती चिठ्ठी सरकवते ते, सगळं. छापखान्यातल्या माणसांना बघू दे, ऐकू दे. मग मी उठेन… नाही, फार नाही बोलणार.

…तू कुठे आहेस आत्ता?… त्यांच्या खोलीत? दाराजवळ?… एक काम कर. फोन स्पीकरवर टाक आणि टेबलावर ठेव. तू काही बोलू नकोस.

…ठेवलास?

बाबा… मागे ऐकू येतंय का?

माझं चुकलं, बाबा.