ओंजळीतलं पांढरं

पनवेल स्टँडवर उरणच्या बसच्या रांगेत माझ्यापुढे कॉलेजातली एक मुलगी आणि तिची आजी उभ्या होत्या.

"आजी, या जुन्या कवितेतली प्रेयसी म्हणते, 'मी खाडीचं पाणी, तू ऊन. आता ओंजळीत पांढरं उरलं.'"

"मग?"

"गाइडमध्ये लिहिलंय, पाणी आटलं म्हणजे प्रेम संपलं. पांढरं म्हणजे राख."

"पान्याची कदी राख होते का गो? मीठ हाय ते! मिठागरात आमी असंच कडक ऊन मागायचो."

"थांब आजी! म्हणजे प्रेम संपलं नाही?"

"तुजा आजा जाऊन बारा वरसं झाली, अंकिता. माज्या ओंजलीत काय राख हाय?"